ओवाळणीतला चिवडा

मागच्या महिन्यात ऑफिसच्या लिफ्टमध्ये असताना मेसेज आला. ‘डिअर पेट पेरेंट, तुमच्या लाडक्या चिवडाचं अँटी-रेबीज व्हॅक्सिन १२ जानेवारीला ड्यू आहे, कृपया अपॉइंटमेंट घ्या’, आणि पुढं पंजाचं चित्र. वर बँकेचा ओटीपी, खाली कुठल्यातरी पर्सनल लोनची ऑफर, आणि मधे हा. सवयीनं डिलीट करायला अंगठा नेला आणि तिथंच अडकलो, चौथा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, तरी मी आतच. कारण चिवडा माझं कुत्रं नाही. कधीच नव्हतं. मी त्याला विकत घेतलं, ताईला ओवाळणीत घातलं, पहिली तीन इंजेक्शनं हौसेनं स्वतः नेऊन दिली, दवाखान्यातल्या पोरीनं नाव-नंबर विचारला तेव्हा पटकन माझाच सांगून टाकला, आणि माझ्यापुरता विषय संपला होता. ताईकडंही तो आता नाही. मागच्या मे महिन्यात त्याला ‘शेतावर’ दिला. पण दवाखान्याच्या कॉम्प्युटरला हे कुणी कळवलेलंच नाही, त्याच्या लेखी चिवडाचा बाप अजून मीच.

तर २०२३ ची भाऊबीज. ताईला काय द्यायचं यावर मी दरवर्षी आदल्या रात्रीपर्यंत घोळ घालतो, साडी घ्यावी तर तिला माझी आवड पटत नाही, पाकीट द्यावं तर मलाच ते कोरडं वाटतं. त्या वर्षी भाचा आठ वर्षांचा होता आणि उठता-बसता त्याचं एकच, मामा डॉगी पायजे, मामा डॉगी. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. चाकणच्या बाजूला एकानं बंगल्यामागं पत्र्याची शेड टाकून ब्रीडिंग चालवलेलं, तिथून बीगल घेतलं, वीस हजारांना. ‘पंचेचाळीस दिवसांचं आहे साहेब, एकदम रेडी.’ हा पंचेचाळीसचा आकडा या धंद्यात कुठंही जा, ऐकायला मिळतो, जणू पिल्लू म्हणजे कोंबडीची बॅच. नियम खरंतर आठ आठवड्यांचा आहे, २०१७ मध्ये केंद्रानं कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे आणि विक्रीचे नियम काढले त्यात स्पष्ट आहे, आठ आठवडे व्हायच्या आत पिल्लू विकायचं नाही. म्हणजे ५६ दिवस. मधल्या अकरा दिवसांत पिल्लू काय करतं, तर भावंडांना चावतं, भावंडं त्याला उलट चावतात, आई एखाद्या वेळेस गुरकावते, आणि दात किती जोरानं लावायचे ते त्यातून त्याला कळतं. हे मला आत्ता माहितीये. तेव्हा मी फोन काढून क्यूआर कोड स्कॅन केला. आई शेडच्या मागच्या बाजूला जाळीपाशी उभी होती, थानं लोंबलेली, पाठीवरचे केस मधे मधे गेलेले. ती भुंकली वगैरे नाही. तिची नजर माझ्याकडंही नव्हती, माझ्या हातातल्या बास्केटकडं होती. मी ते पाहिलं आणि गाडी सुरू केली, आणि येताना रस्ताभर मूड एकदम झकास होता माझा, हे खोटं कशाला सांगू.

ताईच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी. तिनं ओवाळलं, मी बास्केटवरचं उपरणं उचललं आणि पिल्लू बाहेर आलं, निरांजनाचा धूर नाकात गेला म्हणून दोनदा शिंकलं आणि रांगोळीच्या कमळावर मुतलं. काय हसलो सगळे. भाच्यानं तर किंकाळीच फोडली. काळा, पांढरा, तपकिरी असा मिसळलेला रंग बघून त्यानं तिथल्या तिथं नाव ठेवलं, चिवडा. दाजींनी व्हिडिओ काढला होता. तो मी नंतर पुन्हा पुन्हा पाहिलाय, का ते सांगतो. उपरणं निघतं आणि हसायला सुरुवात होते त्याच्या मधे एक क्षण आहे, सेकंदसुद्धा नसेल, ताईचा चेहरा एकदम रिकामा होतो. हातात ताम्हण तसंच. मग ती पिल्लाकडं बघत नाही, मागं सोफ्यावर बसलेल्या सासूबाईंकडं बघते. आणि मग हसते. आणि सासूबाई, म्हणजे काकू, म्हणतात, ‘अरे वा, छान आहे हं.’

त्या ‘हं’मध्ये सगळं होतं.

मला तेव्हा ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल, पण ओवाळणी ही अशी गोष्ट आहे ना, की तिला नाही म्हणायची सोयच नाही. साडी आवडली नाही तर कपाटात ठेवून देता येते, पुढच्या लग्नात कुणाच्यातरी आहेरात फिरवता येते, आपल्याकडचे निम्मे टॉवेलसेट आणि ब्लाउजपीस असेच महाराष्ट्रभर फिरत असतात. पण भावानं ताम्हणात घातलेलं परत करायचं नसतं, अपशकुन वगैरे. मी अगदी नेमका असा मुहूर्त निवडला होता की समोरच्या बाईला तोंड उघडता येऊ नये. मुद्दाम नाही, पण निवडला होता. आणि अजून खोल जायचं तर कुत्रं भाच्याला नकोच होतं इतकं, ते मला हवं होतं. मी दहा वर्षांचा असताना आमच्या चाळीच्या जिन्याखालचं एक पिल्लू घरी आणलं होतं, वडलांनी एका रात्रीत परत नेऊन ठेवलं, ‘आपल्याला आपलं होईना’ म्हणाले. तीस वर्षांनी मी वीस हजार मोजून ते वाक्य खोडून काढलं, फक्त कुत्रं स्वतःच्या घरी न ठेवता बहिणीच्या घरी ठेवलं.

त्याच संध्याकाळी सोसायटीत उरलेले फटाके उडवणं सुरू झालं. दिवाळीत पिल्लू आणण्याइतका गाढवपणा दुसरा नसेल. माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास, शिवाय वय असं की त्या दिवसांत जे भीतिदायक वाटतं ते जन्माला चिकटतं. चिवडा वॉशिंग मशीनच्या मागं जाऊन बसला. तिथं हात पोचत नाही. भाचा पोटावर झोपून टॉर्च मारत होता, आत नुसते दोन डोळे आणि फरशीवर ओल. मी साडेनऊला निघालो, सकाळी स्टँडअप मीटिंग होती. नंतर कळलं, रात्री दोनला त्याला बाहेर काढला तो काकूंनी, पोळीचा तुकडा तुपात बुडवून, फरशीवर बसून. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई फरशीवर बसली की उठताना काय करते ते ज्यांच्या घरी आहे त्यांना माहितीये.

बीगल हे इंग्लंडात सशांच्या मागं सोडायला तयार केलेलं कुत्रं. कळपानं पळायचं, नाक जमिनीला लावून, आणि माग लागला की घसा ताणून असं ओरडायचं की मैलभर मागून येणाऱ्या शिकाऱ्याला ऐकू जावं. हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि मला ते ‘क्यूट’ वाटलं होतं. आता हेच कुत्रं अकराव्या मजल्यावर ठेवा, कळप नाही, ससा नाही, जमीनच नाही. ताई आणि दाजी साडेआठला बाहेर, भाचा शाळेत, मग चिवडा बाल्कनीच्या जाळीला नाक लावून ते शिकारीचं ओरडणं सुरू करायचा, पहिल्या विंगपर्यंत जायचं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘किसका डॉग है भाई’ सुरू. सोसायटीला कुत्रं ठेवायला बंदी घालता येत नाही हे ताईनं चार वेळा तिथं टाकलं, लायसन्सचा फोटो टाकला, पण ज्याची रात्रपाळी आहे आणि दिवसा झोपायचंय त्याला कायदा सांगून झोप येते का. वर लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली नेता येत नाही, पार्व्हो या जीवघेण्या रोगाची भीती, म्हणजे दोन-अडीच महिने सगळं घरातच, दर दोन तासांनी. पेपर पसरायचा, पेपर उचलायचा. देवघर हॉलमध्येच. काकूंनी समईखालची फरशी गोमूत्र शिंपडून पुसायला घेतली, दिवसात तीनदा. एकदा मी गेलो तेव्हा त्या घराला तीन वास येत होते, फिनाइल, उदबत्ती आणि त्या दोन्हींच्या खालून कुत्र्याचा. भाचा? भाच्यानं पहिले पंधरा दिवस शाळेतून येऊन त्याला मिठीत घेतलं. मग क्रिकेट कोचिंग सुरू झालं. आठ वर्षांच्या पोराला काय बोलणार, बीगल बारा-पंधरा वर्षं जगतो, म्हणजे हा कॉलेज संपवून नोकरीला लागेपर्यंत. आठ वर्षांच्या पोराकडून आपण उद्याच्या होमवर्कची खात्री धरत नाही.

आणि मी रविवारी जायचो. बॉल घेऊन. मामा आला की चिवडा वेडा व्हायचा, कान उडवत पूर्ण हॉलभर चकरा, मी त्याला खाली गार्डनमध्ये पळवायचो, फोटो स्टेटसला, ‘माय बॉय’. दीड तासानं परत.

माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, कुत्रं विकत घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं. कुत्रं यायचं. मळ्यात कुठल्यातरी कुत्रीनं कडब्याच्या गंजीखाली पिल्लं घातली की त्यातलं एखादं मागं मागं यायचं आणि राहायचं. फार लाडबिड नव्हते, उरलेली भाकरी आणि ताक, आजारी पडलं तर पडलं. तेव्हाचं सगळं सोन्यासारखं होतं असं मला म्हणायचं नाही, पोत्यात घालून ओढ्यापलीकडं सोडून आलेली मांजरीची पिल्लंही मी पाहिलीत. पण द्यायच्या-घ्यायच्या बाबतीत आजीची एक रीत होती. आमची भाटी, म्हणजे मांजरी, व्यायली की पिल्लं द्यायची वेळ यायची, गल्लीतली पोरं मागायला यायची, आणि आजी पोराच्या हातात पिल्लू कधी द्यायची नाही. ‘तुझ्या आईला पाठव’ म्हणायची. आई आली की तिला ओट्यावर बसवून चहा, इकडच्या-तिकडच्या गोष्टी, मग विचारायची, दूध कुणाकडचं घेतेस, घरात उंदीर आहेत का, सुनेला चालतंय का. आणि शेवटी सव्वा रुपया घ्यायची. गरीब असो, श्रीमंत असो, सव्वा रुपया. फुकटचं जनावर टिकत नाही, असं तिचं म्हणणं. मी तेव्हा त्याला कंजूषपणा समजायचो. आजोबांची अजून वेगळीच तऱ्हा, गाय विकली तरी दावं द्यायचे नाहीत, घेणाऱ्यानं आपलं आणायचं, जुनं दावं सोडून गोठ्यातल्या खुंटीला. वसुबारसेला आजी गाय-वासराला ओवाळायची तेव्हा ती दावी मागं खुंटीवर ओळीनं दिसायची, पार काळी पडलेली, त्यातल्या काही गायी आमच्या जन्माआधी गेलेल्या.

दिवाळीची सुरुवातच आपल्याकडं जनावराला ओवाळून होते आणि शेवटच्या दिवशी मी जनावर ताम्हणात घातलं.

आता बर्थडेला तर रिटर्न गिफ्ट म्हणून फायटर मासा देतात. भाच्याच्या वर्गातल्या कुणाचातरी वाढदिवस होता, वीस पोरं, वीस प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत एक निळा नाहीतर लाल मासा, वर सॅटिनची रिबिन. ताईकडचा तीन दिवस जगला. ग्रुपवर आया एकमेकींना विचारत होत्या, तुमचा आहे का अजून? कासवांचंही तेच, लाल कानाची ती पिल्लं घेताना मोठ्या नाण्याएवढी असतात, पुढं जेवणाच्या ताटाएवढी होतात, वीस-तीस वर्षं जगतात, मग एखाद्या रात्री स्कूटरवरून कुणीतरी तलावाकडं जातं. आणि तो पग, २००३ मध्ये त्या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पोराच्या मागं मागं चालणारा, त्यानंतर ज्याला त्याला पग हवा होता, आपल्या उन्हाळ्यात चपट्या नाकानं घोरत, धापा टाकत जगलेले किती असतील कोण जाणे.

दुसऱ्या दिवाळीला चिवडा एक वर्षाचा होता. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ताटलीत ठेवलेले रव्याचे लाडू त्यानं उडवले, चार की पाच. आम्ही हसलो, लाडूच ना. ताईनं सहज दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर ओरडलेच, बेदाणे होते का त्यात? प्रत्येक लाडवावर एक, हौसेनं लावलेला, आणि काकूंनी आतही घातलेले मूठभर. द्राक्षं, मनुके, बेदाणे, कुत्र्याच्या किडनीवर जातात, कुणाला दोन दाण्यांनी होतं, कुणाला वाटीभर खाऊन होत नाही, सांगता येत नाही. त्यातल्या टार्टरिक ॲसिडमुळं होतं असं आता मानतात, चिंचेतही तेच असतं, म्हणजे आमटीसुद्धा गेली. लगेच नेऊन उलटी करवली, मग दोन दिवस सलाईन, पुढच्या पायाला पट्टी, गळ्यात तो प्लास्टिकचा भोंगा. अकरा हजार बिल. मी निम्मे देतो म्हटलं, ताई नको म्हणाली, आणि त्या ‘नको’त जरा धार होती. काकू मात्र बाहेरच्या बाकड्यावर बसून होत्या, लाडू आपण वळले म्हणून. मी शेजारी जाऊन काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, तुमचा जीव लागलाय ना त्याच्यावर. तर त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. ‘मला तो कधीच आवडला नाही रे. अजूनही नाही आवडत. पण त्याला मी एक दिवस उपाशी ठेवलं नाही.’ आणि चष्मा पुसायला घेतला. मला वाटलं होतं त्या रडतायत. नव्हत्या, चष्म्याला वाफ धरली होती नुसती.

यावर मी इतका विचार केलाय. मला तो जीव की प्राण होता आणि मी रविवारी दीड तास जायचो.

एप्रिलमध्ये काकू पडल्या. लिफ्टसमोर, पट्टा पायात अडकून. मनगट मोडलं. त्यात चिवडाचा काय दोष, समोरच्या फ्लॅटमधून मटणाचा वास आला, तो खेचला गेला, ते नाकच त्यासाठी बनवलंय. पण मग ताईचा फोन आला, आवाज अगदी शांत, ‘त्याचं आता काहीतरी बघ.’ बघ म्हणजे मी. आणि मी काय म्हटलं असेन? आमचा वन बीएचके, आम्ही दोघंही नोकरीवाले, बायकोला धुळीची ॲलर्जी. एक एक कारण खरं आहे. हीच कारणं दीड वर्षापूर्वी ताईच्या घरालाही लागू होती. ती पलीकडं काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, ‘बरं.’

ग्रुपांवर टाकलं, ‘बीगल, मेल, दीड वर्ष, फुल्ली व्हॅक्सिनेटेड, फ्री टू गुड होम, ओन्ली जेन्युइन डॉग लव्हर्स’. पहिल्या दिवशी सतरा मेसेज. पेपर आहेत का? मेटिंग झालीये का? आमच्याकडं फिमेल आहे, दोन-तीनदा वापरून परत दिला तर चालेल का? ‘वापरून’ हा शब्द खरंच होता. मला चाकणची ती जाळीमागची आई आठवली. एकानं विचारलं मुलाच्या बर्थडेला सरप्राइज द्यायचंय, शनिवारच्या आत मिळेल का. मी त्याला ब्लॉक केलं आणि मग पाच मिनिटं फोन हातात धरून बसलो. ओळखीतला एक जण म्हणाला, एवढं कशाला, हायवेला ढाब्यापाशी सोडतात सगळे, खाऊन-पिऊन मस्त राहतात. असं सोडणं हा गुन्हा आहे बरं का, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. कायदा झाला तेव्हा पन्नास रुपयाला काहीतरी वजन असेल, आज चिवडाचं एक बिस्किटाचं पाकीट त्याहून महाग होतं.

त्या दिवसांत रात्री झोप नव्हती म्हणून वाचत बसायचो. ब्रिटनमध्ये कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं १९७८ सालीच घोषणा केली होती, कुत्रं जन्मभरासाठी असतं, नुसतं नाताळपुरतं नाही. वाचून स्वतःला दोन थोबाडीत दिल्यासारखं झालं आणि खरं सांगू, त्यात थोडं बरंही वाटलं, अपराधी वाटून घेणं हे काहीतरी केल्यासारखं असतं. मग दुसरं सापडलं. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांच्या मोठ्या संस्थेचा २०१३ चा अभ्यास, कुत्रं किंवा मांजर भेट मिळालेल्या दोनशेवर लोकांना फोन करून विचारलं, तर ८६ टक्के प्राणी अजून त्याच घरात होते, आणि ९६ टक्के लोक म्हणाले, भेट म्हणून आला त्यानं माया वाढली तरी किंवा फरक तरी पडला नाही. म्हणजे भेट दिलेलं कुत्रं टाकूनच देतात हे खरं नाही. हे वाचून हायसं वाटायला हवं होतं. पण त्या फोनवर बोललेल्यांपैकी घरात दिवसभर पोछा मारणारं कोण होतं, फोन त्याला गेला होता की ज्याच्या नावानं रिबिन बांधली त्याला, हे काही कळायला मार्ग नाही. काकूंना फोन केला असता तर काकूंनी काय सांगितलं असतं? ‘आहे हं, छान आहे.’ चिवडा एप्रिलपर्यंत त्या ८६ टक्क्यांत होता.

शेवटी दाजींच्या मावशीचं शेत निघालं, पुरंदर तालुक्यात. सीताफळ, अंजीर, हिवाळ्यात वाटाणा. दाजी सोडून आले, बेल्ट, वाडगा, चेक्सची गादी, राहिलेली फूडची बॅग, सगळं देऊन. दावंसुद्धा ठेवलं नाही आम्ही. आणि मग ते वाक्य सुरू झालं, तुम्हीही ऐकलं असेल, ‘अरे शेतावर दिला, मोकळं रान आहे, मजेत आहे.’ ऑफिसात, घरी, शेजारी, कुणीही विचारलं की तेच. भाच्यानं पहिल्या आठवड्यात दोनदा विचारलं, मजेत आहे म्हटल्यावर मग नाही विचारलं. आठ महिन्यांत तिकडं कुणीही गेलं नव्हतं. मीही.

मेसेज आला त्या शनिवारी गेलो. तिकडं इंजेक्शन असेल-नसेल म्हणून पुण्यातूनच लसीची बाटली घेतली, थर्मासमध्ये बर्फ भरून. दिवे घाट चढताना थंडी होती आणि मी काच खाली करून मनात तयारी करत होतो की साखळीला बांधलेला असेल, बरगड्या दिसत असतील, किंवा मावशी म्हणतील, तो व्हय, तो मागंच गेला. घर रस्त्यापासून आत, दोन्हीकडं वाटाण्याची हिरवी पट्टी. अंगणात बाज, बाजेखाली तो. सुतळीनं बांधलेला, गळ्यात बैलाचं असतं तसलं एक घुंगरू. वाढला होता, आडवा, चांगलाच. ‘आलास व्हय,’ मावशी म्हणाल्या, मला कधी पाहिलेलंही नसताना. दिवसा बांधून घालतात कारण कोंबड्यांच्या मागं लागतो, तीन मारल्या, रात्री घरात घेतात, बिबट्याची भीती. पहाटे सोडतात तासभर. ‘सशाचा माग काढतंय बघ, वरडतंय नुस्तं, धरत न्हाई कधी.’ भाकरी आणि दूध खातो. नाव आता राजा. चिवडा म्हणून हाका मारल्या मी, दोन-तीन वेळा. कान हलले, पण ते कुठल्याही आवाजाला हलतात. जवळ गेलो तर माझ्या पँटच्या खालच्या दुमडीवर नाक लावून बराच वेळ, खरंच बराच वेळ हुंगत राहिला, एक पाय, मग दुसरा, बुटाच्या लेसमधे, टाचेपाशी. मी श्वास धरून उभा. मग तो वळला आणि मावशींच्या पायाशी जाऊन बसला.

मी म्हटलं, इंजेक्शन द्यायचंय, तर मावशी पदर खोचून स्वतः गाडीत येऊन बसल्या, राजाला मांडीवर घेऊन, पुढच्या सीटवर. सरकारी जनावरांचा दवाखाना पाच किलोमीटरवर, पिवळ्या भिंती, बाहेर गाय अडकवायचा लोखंडी खोडा, एक म्हातारा शेळी घेऊन आमच्या पुढं. गाडीत थर्मास, कुत्रं आणि शेणाचा मिळून एक वास झालेला. मावशी म्हणाल्या, घरी जाताना वाटाण्याच्या शेंगा न्यायच्या, पिशवी भरून ठिवलीय. मी नको म्हटलं तर रागावल्या, ‘जनावर फुकट घ्यावं का कुणाचं?’ तेव्हा मला काही सुचलंच नाही बोलायला, मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसलो.

आमचा नंबर आला. कंपाउंडरनं लांबडं रजिस्टर उघडलं, बॉलपेन झटकलं. ‘जनावर?’ कुत्रं. ‘जात?’ बीगल, मी म्हटलं, त्यानं ‘गावठी’ लिहिलं, मी काही बोललो नाही. ‘मालकाचं नाव?’

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. राजा टेबलाच्या पायाला हुंगत होता, कालपासूनची सगळी गुरं तिथं लिहिलेली असणार.

‘लिवा माझं,’ मावशी म्हणाल्या, आणि पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, गावासकट.

‘मोबाईल नंबर?’

मावशींकडं मोबाईल नाही. मी माझा सांगितला.